इंदरलालची शेवटची दोन काडतुसं

आमच्या टोल्यात, म्हणजे वाडीत, माणूस बरा आहे की आजारी, हे त्याच्या ताटातल्या भातावरून ओळखतात. दोन घास कमी गेले तरी घरची बाई शेजारी जाऊन सांगते. त्यामुळे २००४ सालच्या भादव्यात इंदरलाल रहांगडाल्याने भात बाजूला सारून चपाती मागितली, तेव्हा तिसऱ्या दिवशी साऱ्या टोल्याला ठाऊक झालं. कोणी म्हणालं शुगर निघाली. कोणी म्हणालं बायकोशी बिनसलं. खरं कारण दोघांनाच माहीत होतं, एक त्याची बायको सुखवंतावहिनी आणि दुसरा मी.

इंदरलाल माझा पट्टीवरचा दोस्त. चौथीपर्यंत एकाच पट्टीवर बसलो आणि शाळेला रामरामही एकाच दिवशी केला. आमचा टोला बोदलकसा तलावाच्या वरच्या अंगाला, जंगलाला लागून. त्याच्याकडे बापाच्या वेळची एकनळी बंदूक होती, पीक राखायच्या परवान्याची. आपला गोंदिया जिल्हा नवीन झाला त्या साली तो परवान्यावर शिक्का मारायला गोंदियाला गेला होता. तिथल्या बाबूने हिंदीतून विचारलं, "चाचा, क्या मारते हो इससे?" इंदरलाल म्हणाला, "साहेब, आवाज मारतो." बाबू इतका हसला की शिक्का उलटा मारला. तो उलटा शिक्का इंदरलाल येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा.

पण ते उत्तर खरंच होतं. डुकरं, चितळं धानात उतरली की तो आभाळात बार टाकायचा, जनावरं पळायची. शिकार त्याने पोरपणी बापाबरोबर केलेली, बंदी येण्याच्या आधी. बापाचा एक नेम होता: जनावर जखमी करून सोडून आलास, तर ते सापडेपर्यंत घरचा भात खायचा नाही. चपाती खा, फुटाणे खा, भात नाही. बापावर ही वेळ एकदाच आली. तो नऊ दिवस जंगलात फिरला, दहाव्या दिवशी सांबर सापडलं, आणि त्या दिवशी त्याने एवढा भात खाल्ला की दोन दिवस झोपून राहिला. ही गोष्ट इंदरलाल हसत हसत सांगायचा. भादव्यानंतर त्याने ती परत कधी सांगितली नाही.

झालं होतं ते असं. पोळा होऊन आठ दिवस झाले होते. लवकर येणारा हलका धान निसवला होता, लोंब्या बाहेर पडल्या होत्या. दिवस बुडायच्या वेळेला इंदरलाल मचानावर बसलेला, आणि वरच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यात, धान हलला. त्याच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता, हे तो कोणाला कबूल करत नव्हता. त्याला काळं दिसलं. डुक्कर समजून त्याने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नळी खाली केली आणि घोडा ओढला. आत एलजीचं काडतूस होतं. एलजी म्हणजे वाटाण्याएवढे सहा छर्रे. जवळून मारले तर एका जागी बसतात, लांबून मारले तर सहा दिशांना फाकतात. अंतर चांगलं पन्नास पावलांचं होतं.

जे उडालं ते डुक्कर नव्हतं, चितळाची मादी होती. ती पडली, उठली, आणि धानातून तीन पायांवर गेली.

त्याने मला हाक मारली. आम्ही दोघं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पोचलो तेव्हा बांधीतल्या पाण्यावर रक्त होतं. ते खालच्या बांधीत उतरलं होतं, तिथून त्याच्या खालच्या बांधीत. आम्ही त्या लाल पाण्यामागे खाली खाली गेलो, पार नाल्यापर्यंत. तीन दिवस नाल्याचे दोन्ही काठ धुंडाळले. काही नाही.

चौथ्या दिवशी ती त्याला दिसली. धानाच्या वर आमची बोडी आहे, लहानसं तळं म्हणा. त्या बोडीच्या पाळीवर, काठाच्या मातीच्या भरावावर, दिवस बुडताना ती उभी होती. पुढचा डावा पाय उचललेला.

"माझ्याकडं पाहून राहिली होती, बकाराम," तो मला म्हणाला.

"मग मारली काऊन नाही?"

"हात उठला नाही गा."

दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. मग ती घरापर्यंत आली, म्हणजे तिचा आवाज आला. दिवेलागणीला वहिनी चूल पेटवायची तेव्हा इंदरलालला अंगणात खुरं ऐकू यायची. तीन ठोके, मग एक जागा रिकामी. परत तीन ठोके, परत रिकामी जागा. तो उठून दारात जायचा. शेणाने सारवलेल्या अंगणात एक खूण नसायची.

"तुले आवाज येते का व?" तो वहिनीला विचारायचा.

"मले तुमच्या पोटातला आवाज येते," वहिनी म्हणायची. "दोन घास भात खा, मंग सारे आवाज बंद होतेत."

पण ती मला एकट्याला गाठून म्हणाली, "भावजी, बुढा वाळून राहिला. असाच महिनाभर गेला तर हरीण राहील आणि हा जाईल."

त्यातच विधानसभेची निवडणूक लागली. दर निवडणुकीला परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात. इंदरलाल बंदूक गोधडीत गुंडाळून सायकलवर न्यायचा आणि म्हणायचा, बाई माहेरी चालली. या वेळी निरोप आला, सोमवारपर्यंत आणून द्या. तेव्हा गुरुवार होता. म्हणजे त्या जनावराला सोडवायला तीन संध्याकाळी उरल्या होत्या. नाहीतर ती तशीच तीन पायांवर आणि हा तसाच बिनभाताचा.

काडतुसं दोन उरली होती. पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून वहिनी ती धानाच्या कोठीत पुरून ठेवायची. इंदरलालने हात घालून दोन्ही काढली आणि माझ्यासमोर खाटेवर ठेवली. एक एलजी. दुसरं बॉल, म्हणजे आत एकच गोळी, बोराएवढी.

"सांग," तो म्हणाला.

मी काय सांगणार. मी आयुष्यात गुलेल सोडून काही चालवलं नव्हतं. म्हणून आम्ही मनिरामला बोलावलं. मनिराम पलटणीत अठरा वर्षं काढून आलेला. तिथे तो लंगरात भाज्या चिरायचा, पण टोल्यात बंदुकीवर शेवटचा शब्द त्याचाच. आम्ही त्याला डुकराचं सांगितलं, हरणाचं नाही.

"एलजीच टाक," मनिराम मिशीवरून हात फिरवत म्हणाला. "तुह्या डोळ्यानं बॉल म्हणजे आंधळ्याच्या हाती सुई. सहा छर्र्यातला एक तरी लागन."

"एक लागन, हेच तर झालं," इंदरलाल पुटपुटला.

"काय झालं?"

"काही नाही. आनिक एक चपाती घे."

मनिराम गेल्यावर तो बराच वेळ दोन्ही काडतुसं दोन हातात धरून बसला. वजन जवळपास सारखंच. एलजी कानाशी हलवलं की आत बारीक खुळखुळायचं, बॉल मुका. एलजीने लागण्याची खात्री होती, मरण्याची नव्हती. बॉलने लागलं तर खेळ संपला, आणि चुकलं तर सारंच चुकलं.

"हरीण मारलं तर जेल हाय, ठाऊक हाय ना?" वहिनी चुलीपाशी बसून म्हणाली. तिने मान वळवली नव्हती.

"ठाऊक हाय."

"मंग कायले जाता?"

"आता बी जेलातच हावो का नाही?"

वहिनी उठली. त्याच्या हातातलं एलजीचं काडतूस काढून परत कोठीत पुरून आली. निवड अशी झाली.

शुक्रवारी ती मादी आलीच नाही. इंदरलाल मचानावर बसून परत आला. शनिवारी मी त्याच्याबरोबर गेलो, कारण जरा उजेड कमी झाला की त्याला पायरी दिसत नव्हती, आणि मचानावरून पडून मेला असता तर वहिनीने मला सोडलं नसतं. आम्ही दोघं चिकटून बसलो. बोडीत लोकांनी अंबाडी कुजत घातली होती, तिचा वास साऱ्या शिवारावर बसला होता. समोर पाळीवर दोन बगळे उभे होते.

सूर्य झाडांच्या मागे गेला तसा इंदरलालचा श्वास बदलला.

"आली," तो म्हणाला.

मी पाळीकडे पाहिलं. मला दोन बगळे दिसत होते.

"कुठं हाय?"

"बगळ्याच्या मधात. पाय उचलून."

आता मी जे पाहिलं तेवढंच सांगतो, वर एक शब्द नाही. त्या दोन बगळ्यांच्या मधे हातभर गवत होतं आणि वर आभाळ होतं. माझे डोळे तेव्हा चांगले होते, सुईत दोरा ओवायचो. आणि बगळ्यांजवळ एवढं मोठं जनावर येऊन उभं राहिलं असतं तर ते उडाले असते की नाही, ते तुम्हीच सांगा. ते मानसुद्धा हलवत नव्हते.

मी त्याला थांबवायला हवं होतं. मी त्याच्या दंडाला हात लावला, तर दंड थरथरत नव्हता. पंधरा दिवसांत पहिल्यांदा तो माणूस शांत होता. त्याने बार टाकला.

बगळे तेव्हा उडाले. पलीकडे कुठेतरी लाकडावर कुऱ्हाड बसावी तसा एक आवाज आला.

"पडली?" त्याने विचारलं.

"इंदर, तिथं काही नव्हतं गा."

त्याने पाळीकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग एकदम माझा हात धरला. "मंग गोळी गेली कुठं?"

हे मात्र खरं भ्यायचं कारण होतं. छर्रे पडतात जवळपास, पण बॉल दूर जातो. पाळीच्या मागे लोकांची गुरं चरतात. त्या संध्याकाळी आम्ही गुरं मोजली, सगळ्यांची घरी आली होती. तरी रविवारी सकाळी तो काठ्या घेऊन माझ्या दारात हजर.

एक काठी मचानाखाली रोवली, दुसरी पाळीवर, बगळ्यांच्या जागेवर. मग दोन्ही काठ्या एका रेषेत धरून पुढे चालू लागलो, शेताची हद्द काढताना चालतात तसे. रेषा बोडीच्या कोपऱ्यावरून गेली आणि पलीकडच्या मोहाच्या झाडाला भिडली. झाडाच्या सालीत, माझ्या छातीच्या उंचीवर, ताजं भोक होतं. इंदरलालने त्यात बोट घातलं. गोळी आत होती.

"बरं झालं," मी म्हणालो. "झाडालेच लागली."

तो खाली बघत होता.

मोहाच्या बुडाशी करवंदाची जाळी आहे. जाळीत हाडं होती आणि वाळलेल्या कातड्याचा तुकडा, पांढऱ्या ठिपक्यांचा. कोल्ह्यांनी आणि मुंग्यांनी काम कधीच संपवलं होतं. पुढच्या डाव्या पायाचं हाड मधे फुटलेलं, आणि फटीत वाटाण्याएवढा एक छर्रा. त्या हाडांमधून गवताचे कोंब वीतभर वर आले होते. ती त्याच दिवशी मेली होती, फार तर दुसऱ्या. अंबाडीच्या वासात तिचा वास कोणाला आला नाही.

इंदरलाल उकिडवा बसला. मग वळून खाली आपल्या बांध्यांकडे पाहिलं, आणि मला जे पंधरा दिवस कळलं नाही ते त्याला त्या वेळी कळलं.

"आपण दोघं जलमभर धानवाले," तो म्हणाला. "बोडीचं पाणी वरून खाली वाहते. रक्त पाण्यासंग खाली गेलं, आणि आपण त्याच्यामागं खाली गेलो. ती तर वर आलती, बकाराम. ती पाण्याकडं वर आलती."

ज्या धुऱ्याला तोंड पाडून आम्ही साठ वर्षं एका बांधीचं पाणी दुसऱ्या बांधीत सोडलं, त्याच पाण्याने आम्हाला उलट्या वाटेला नेलं होतं.

आम्ही तिथेच खड्डा केला. माती लोटताना तो म्हणाला, "एलजी टाकलो असतो तर सहा रेषा झाल्या असत्या. कोणत्या रेषेनं चाललो असतो?"

मी खड्ड्यावर करवंदाचे काटे रचले.

त्या दुपारी वहिनीने भात वाढला. त्याने पहिला घास हातात धरून बराच वेळ तसाच ठेवला, मग खाल्ला. वहिनी भिंतीकडे तोंड करून उभी होती. सोमवारी बंदूक गोधडीत गुंडाळून आम्ही ठाण्यात नेली. निवडणूक झाली, निकाल लागला, सगळ्यांच्या बंदुका परत आल्या. इंदरलाल आणायला गेलाच नाही. परवाना परत केला, उलट्या शिक्क्यासकट. बाई कायमची माहेरी राहिली.

पाळीवर मात्र तो जात राहिला. मी त्याला समजावलं, बावा, मोतीबिंदूत असं दिसते, मलेरियात माझ्या बापाला छतावर हत्ती दिसायचे. त्याला ते पटायचं. म्हणूनच दोन वर्षांनी तो ऑपरेशनला तयार झाला. गोंदियाला एका डोळ्याचं झालं, मग दुसऱ्याचं. हिरवी पट्टी काढून काळा चष्मा लावून टोल्यात आला तेव्हा मनिराम म्हणाला, "बापू, आता लग्नाची पोरगी पाहाले जाऊन राहिला का?" इंदरलाल हसला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बोडीकडे घेऊन गेला.

दिवस बुडत होता. पाळीवर बगळे होते. त्याने चष्मा काढून खिशात ठेवला. शेवटी मलाच राहवलं नाही.

"आता?"

"आता तर साफ दिसते," तो म्हणाला. "कानावरचे केस दिसतेत."

मला बगळेच दिसत होते. "आनिक पाय?"

त्याने मान वाकडी करून नीट पाहिलं, पूर्वी मचानावरून पाहायचा तसं.

"चारही टेकून हाय," इंदरलाल म्हणाला. "चाल. तुही वहिनी भात वाढून बसली असन."