उचकी लागली त्या दिवशीच्या बातम्या

आमच्या रेडिओचा आवाज पंधरा-वीस गावांच्या पुढं जात नाही. तामलवाडीकडून तुळजापूरला निघालात तर काही वेळ आम्ही स्वच्छ ऐकू येतो, मग खरखर सुरू होते आणि थोड्या वेळानं आमच्या जागी कुठल्या तरी शहरातली गाणी लागतात. पण तेवढ्या पंधरा-वीस गावांत सकाळी सात वाजता मी बातम्या वाचते आणि लोक ऐकतात.

स्टेशन म्हणजे खताच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आवाज घुमू नये म्हणून आतल्या खोलीच्या भिंतींना गोधड्या ठोकलेल्या आहेत. मध्ये काच. काचेपलीकडं आमचे काका बसतात. ते आधी लग्नाकार्यात लाऊडस्पीकर लावायचे, आता आमची सगळी यंत्रं तेच सांभाळतात. स्टेशनचे प्रमुख म्हणजे निवृत्त झालेले एक शिक्षक, त्यांना सगळे सर म्हणतात. सर सकाळी येत नाहीत. घरी चहा घेत रेडिओ ऐकतात आणि चुका वहीत लिहून ठेवतात.

बातम्या म्हणाल तर आमच्याच परिसरातल्या. शेतीपंपाला लाईट दिवसा की रात्री, बाजार समितीत कांदा आणि सोयाबीन काय भावानं गेलं, कुठली एसटी आज येणार नाही, कुणाची म्हैस दावं तोडून गेली, डोळे तपासायचं शिबिर कुठल्या गावात आहे. मध्ये निधनवार्ता. आणि शेवटची दहा मिनिटं लोकांचे फोन, थेट.

माझं माहेर उमरग्याच्या खाली, अगदी सीमेवरचं. घरात अर्धं बोलणं कानडीत चालायचं. डी.एड. केलं, पण शिक्षकांची भरती काही निघेना. लग्न होऊन इथं आले तेव्हा रेडिओला बाईमाणसाचा आवाज हवा होता. सरांनी हातात पेपर देऊन वाचायला लावला आणि म्हणाले, "शेवटच्या बाकापर्यंत जातोय आवाज. उद्यापासून ये." माझा नवरा एसटीत कंडक्टर आहे. तो म्हणाला, "कर की." सासूबाई काहीच म्हणाल्या नाहीत.

त्यांना मी आत्याबाई म्हणते. आमची वस्ती गावापासून दीड किलोमीटरवर. आत्याबाईंच्या अकरा शेळ्या आहेत. शेळ्यांच्या छपरात, मेढीला एक हातात मावेल एवढा रेडिओ दोरीनं लटकवलेला असतो. संध्याकाळी धार काढताना त्या त्यावर भजनं ऐकतात. सकाळचं मात्र मला कधी कळलं नाही, कारण सकाळी मी स्टेशनवर. पहिला महिनाभर घरी आले की मी विचारायची, "आत्याबाई, ऐकलं का? कसं झालं?"

"कुठलं ऐकतीस," त्या म्हणायच्या, "मला शेळ्या न्हाईत का?"

मग मी विचारणं सोडून दिलं. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू. बाजारात अनोळखी बायका आवाजावरून ओळखायच्या, थांबवून बोलायच्या आणि घरातलं माणूस मात्र एका शब्दानं काही म्हणत नव्हतं.

ते थंडीचे दिवस होते. त्या सकाळी उठायला उशीर झाला, म्हणून मी शिळी भाकरी आणि मिरचीचा ठेचा उभ्या उभ्या खाल्ला, वर पाणीही प्यायले नाही आणि निघाले. सातला दोन मिनिटं कमी असताना खुर्चीत बसले. काकांनी काचेपलीकडून बोट वर केलं, लाल दिवा लागला, मी नमस्कार म्हणाले आणि पहिल्याच बातमीत जिल्हा परिषदेच्या 'प' वर मला उचकी लागली.

"जिल्हा प... उक्!"

वाटलं, एखादी असेल. वाचत राहिले. पुढची बातमी महामार्गावर तामलवाडीजवळ कांद्याचा ट्रक उलटल्याची होती. "सुदैवानं ड्रायव्हरला फारशी... उक्... इजा झाली नाही." काका काचेपलीकडं तोंडावर उपरणं धरून हलत होते. मी त्यांच्याकडं न बघता दोन बातम्या काढल्या. पाचव्या बातमीला उचकी एवढ्या जोरात आली की समोरचा कागद उडाला.

काकांनी गाणं लावलं. मी तांब्याभर पाणी प्यायले. काका म्हणाले, "नाक दाबून पी." तसं प्यायले, ते नाकात गेलं. तेवढ्यात सरांचा फोन आला. मला वाटलं आता बोलणी बसणार. सर म्हणाले, "गाणं किती वेळ लावणार आहात? लोकांना एसटीचं वेळापत्रक पाहिजे. उचकी तर उचकी, वाच."

"सर, पुढं निधनवार्ता आहे," मी म्हणाले. "उक्."

कुणाच्या घरी माणूस गेलेलं आणि मी मध्ये उचक्या देणार, हे त्यांनाही पटेना. शेवटी म्हणाले, "ती काकांना वाचू दे."

काका आयुष्यभर माईक दुसऱ्याच्या हातात देत आले. स्वतः त्यात एकच वाक्य बोललेले. ते आतल्या खोलीत आले, माझ्या खुर्चीत बसले, लाल दिवा लागला आणि सवयीनं म्हणाले, "हॅलो, हॅलो, माईक चेक, वन टू थ्री." मग दचकले, घसा साफ केला आणि निधनवार्ता इतकी सावकाश, इतक्या आदरानं वाचली की मी इतक्या दिवसांत तशी कधी वाचली नसेल. मी कोपऱ्यात पदर तोंडात कोंबून उभी होते.

उरलेल्या बातम्या मी उचक्यांसकट वाचल्या. कांद्याचा भाव सांगताना उचकी नेमकी आकड्यावर आली, तो तीनदा सांगावा लागला. मग फोनची वेळ झाली.

पहिला फोन एका म्हाताऱ्या बाबांचा. "ताई, चमचाभर साखर जिभंवर ठिवा अन् बोलू नका."

"बाबा, न बोलून कसं चालेल? उक्. बातम्या आहेत."

"मग ऱ्हाऊ द्या," बाबा म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसरा फोन महामार्गावरच्या ढाब्यावरून एका ट्रक ड्रायव्हरचा. त्याचं म्हणणं, मागून कुणी तरी भ्यां करून दचकवायला पाहिजे. काकांनी ते ऐकलं आणि काचेवर जोरात थाप मारली. पण मला ते दिसतच होते, मी दचकणार कशी?

तिसरा फोन एका बाईंचा. "आवो ताई, कुणी तरी आठवण काढायलंय तुमची. एकेकाचं नाव घ्या. ज्याच्या नावाला उचकी थांबल, ते माणूस."

आता हे लहानपणापासूनचं. मी थेट प्रसारणातच सुरू झाले. आई. उक्. भाऊ. उक्. उमरग्याची मैत्रीण. उक्. आमचे कंडक्टरसाहेब. उक्.

"सासूचं घ्या की," बाई म्हणाल्या.

आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "त्या कशाला आठवण काढतील? त्या तर आमचा रेडिओ ऐकतच न्हाईत."

बोलले आणि जीभ चावली. पण हवेत गेलेलं परत कसं घेणार? तेवढ्यात बाहेर जिन्यावर चपलांचा आवाज आला. मग काकांचा, "आवो मावशी, आत न्हाय जायचं, चालू हाय." आणि दार उघडलं.

आत्याबाई. डोक्याला रुमाल गुंडाळलेला, दम लागलेला, एका हातात स्टीलची डबी. दुसऱ्या हातात तो छपरातला छोटा रेडिओ, दोरी खाली लोंबणारी आणि रेडिओ चालू. माझाच आवाज त्यातून येत होता.

"कोन म्हनायलंय म्या ऐकत न्हाय?" त्या म्हणाल्या आणि सरळ माईकपाशी आल्या.

रेडिओ माईकजवळ आला आणि असली कर्कश शिट्टी निघाली की काय सांगू. कुईंऽऽ! पंधरा-वीस गावांत एकदम. मी खुर्चीतून उडाले, आत्याबाईंनी "आगं आय गं" म्हणून रेडिओ टाकून दिला, काकांनी धावत जाऊन तो बंद केला. मग सगळं शांत झालं. मी वाट बघितली. काका वाट बघत होते. फोनवरच्या बाईही गप्प.

उचकी गेली होती.

"थांबली का?" फोनवरून बाईंनी विचारलं.

"थांबली," मी म्हणाले.

"बगा, मी म्हनलं व्हतं ना सासूचं नाव घ्या!" बाईंना विजय झाल्यासारखं वाटलं.

आत्याबाईंनी डबी उघडली. सुंठ आणि गूळ. "थांबली तरी खा," म्हणाल्या. लाल दिवा लागलेला आहे, आपण बोलतोय ते सगळीकडं चाललंय, याचा त्यांना पत्ता नव्हता. काकांनी खूण केली, मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी त्यात गुळाचा खडा घातला. आणि म्हणाल्या, "दुसऱ्या उचकीलाच निघाले म्या. शेळ्या तशाच टाकून. आणि परवा त्या शिबिराचं गाव चुकीचं सांगितलंस. नंतर दुरुस्त केलंस ते बी ऐकलं. रोज ऐकते म्या."

माझ्या तोंडात गूळ. मी कशीबशी म्हणाले, "मग मला का सांगत नव्हता?"

आत्याबाईंनी डबीचं झाकण हातात फिरवलं.

"तू इचारतीस, कसं झालं," त्या म्हणाल्या. "बरं झालं म्हनावं तर का बरं झालं ते सांगता येत न्हाय मला. म्या शाळेत गेलेली न्हाय. लई चांगलं वाचतीस एवढंच कळतंय. तेवढंच कसं सांगायचं, म्हनून न्हाय बोलले."

काकांनी त्या क्षणी गाणं लावायला हवं होतं. नंतर ते म्हणाले, बटणावर हात होता पण दाबवलं नाही. मला बोलता येईना, ते गुळामुळं होतं असं मी सगळ्यांना सांगते. पावणेआठ वाजले होते. मी कसाबसा नमस्कार म्हटला आणि लाल दिवा विझला.

सर पाच मिनिटांत मोपेडवर आले. मी उभी राहिले. आत्याबाईंनी त्यांच्यापुढंही डबी धरली. सरांनी सुंठ-गुळाचा खडा उचलला, चघळला, वही उघडली, काही तरी लिहिलं आणि एवढंच म्हणाले, "दाराला आतून कडी लावत जा."

आम्ही दोघी चालत घरी निघालो. वाटेत पिठाच्या गिरणीपाशी बायकांनी अडवलं. "थांबली का उचकी?" आत्याबाईंनीच उत्तर दिलं, "थांबली, थांबली." वस्तीवर पोचलो तर दोन शेळ्या शेजाऱ्याच्या हरभऱ्यात शिरलेल्या. शेजारी बांधावर उभा. भांडायला आला असेल असं मला वाटलं, पण तो हसत होता. "रेडिओवर ऐकलं, मावशी, शेळ्या तशाच टाकून गेलाव म्हनून. म्हनून बगायला आलो." त्यानं स्वतः हाकलून आणून त्या आमच्या दावणीला बांधल्या.

दुपारी नवऱ्याचा फोन आला. त्याच्या बसमधल्या दोन बायका सगळा किस्सा एकमेकींना सांगत होत्या. तो त्यांना म्हणाला, ती माझी बायको आणि ती माझी आई. त्यांचा विश्वास बसला नाही.

आठवडाभर कुणीही भेटलं की उचकीचं विचारायचं. सरांनी आत्याबाईंना शेळ्यांच्या आजारावर बोलायला बोलावलं, पण त्या काही तयार झाल्या नाहीत. म्हणाल्या, समोर माणूस नसताना कुणाशी बोलायचं? परत बोलावलं तरी नाही.

पण आता मी घरी आले की त्या मेढीला टेकून बसलेल्या असतात. मी विचारायच्या आधीच सुरू होतात. आज घाई केलीस. कांद्याचा भाव दोनदा सांग, बायका चुलीपाशी असत्यात, एकदा सांगून कळत न्हाय. काल मी एका गावाचं नाव पुस्तकी वळणानं वाचलं, तर म्हणाल्या, "त्या गावचं कुनी तसं म्हनत न्हाय. माझी बहीण दिलीया तिथं." मी म्हटलं, बरं, उद्या नीट वाचते. त्यांनी शेळीच्या कासेला हात लावला आणि म्हणाल्या, "वाच. बहीण बी ऐकायली असती."