कॅरम बोर्डावर तपासलेलं वाक्य

मी पत्रकं वाचत मोठी झाले. येरवड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत पुस्तकांपेक्षा पत्रकंच जास्त होती. संपाची, सभांची, वस्तीतल्या पाण्याची, बुवाबाजीविरुद्धची. वडील छापखान्यात मशीनवर होते आणि आवडलेल्या पत्रकाची एक प्रत घरी आणायचेच. त्या पत्रकांच्याच मागच्या कोऱ्या बाजूंवर मी बाराखडी गिरवली. म्हणून असेल, कुठलीही गोष्ट सांगितली की शेवटी एक ललकारी हवी असं मला वाटतं. ललकारी नसली तर लिहिलेलं अर्धवट राहिलं असंच वाटत राहतं.

दोन वर्षांपूर्वी मी वस्तीतल्या मुलांसाठी महिन्याला एक विज्ञानाचं पत्रक काढायला लागले. गुलाबी कागद, एकच पान, घरोघरी फुकट. चौथ्या पत्रकाचा विषय होता चालती वस्तू थांबते का. त्यात मी लिहिलं, ‘प्रत्येक वस्तूला मुळातच थांबायची ओढ असते. ढकलणं बंद केलं की ती थांबते.’ आणि खाली ठळक अक्षरांत, ‘समाजाचंही तसंच आहे. ढकलत राहा!’

खरं सांगायचं तर आधी मला सुचली ती खालची ओळ. वरची दोन वाक्यं मी तिच्यासाठी रचली. ती खोटी वाटतही नव्हती. हातगाडी सोडली की थांबते, पायडल मारायचं सोडलं की सायकल थांबते. रोज दिसणारी गोष्ट कोण तपासून बघतं?

पुढच्या गल्लीतली एक मुलगी, नववीतली, माझी पत्रकं वहीत चिकटवून ठेवायची. वर्गात बाईंनी हाच प्रश्न विचारला तेव्हा तिने हात वर करून माझं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. बाईंनी चूक आहे म्हटल्यावर तिने वही काढून दाखवली. छापलंय, म्हणाली. बाईंनी पत्रक वाचलं आणि हा कागद भेळेला बरा आहे असं वर्गाला सांगितलं. वर्ग हसला. त्यानंतर तिने हात वर करणं सोडून दिलं. हे मला तिच्या आईकडून कळलं. ती स्वतः आली ती फक्त वही दाखवायला. चिकटवलेली चारही पत्रकं तिने सोलून काढली होती. डिंकाचे डाग तेवढे राहिले होते.

‘ताई, तू हे करून बघितलं होतंस का?’ तिने विचारलं.

मी नाही म्हणाले. बाईंवर एक पत्रक काढावं असं मनात आलं होतं, हेही कबूल करते.

वडील खाटेवर बसून ऐकत होते. त्यांनी तिला मशीनची गोष्ट सांगितली. त्यांच्या छापखान्यात एक जुनं मशीन होतं, बाजूला मोठं लोखंडी चाक असलेलं. संध्याकाळी बटण बंद केलं तरी चाक कितीतरी वेळ फिरत राहायचं. ज्या दिवशी तेल घातलेलं असेल त्या दिवशी जास्त वेळ, तेल संपत आलं की कमी. कामगार त्यावरून ओळखायचे की आता तेल घालायला हवं.

‘चाक तेच, लोखंड तेच,’ ते म्हणाले. ‘थांबायची ओढ लोखंडात असती तर ती तेलानं कमी कशी झाली असती?’

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘आपली लेखिका छापखानेवाल्याची मुलगी आहे. विचारलं असतं तर सांगितलं असतं.’

त्या मुलीला चाकाची गोष्टही नुसती ऐकून पटली नाही. तिला बघायचं होतं. विहाराशेजारच्या अभ्यासिकेत कॅरम बोर्ड आहे, तिथे आम्ही रविवारी दुपारी गेलो. मी स्ट्रायकर बोटाने मारायला लागले तर तिने थांबवलं. प्रत्येक वेळी धक्का सारखाच कशावरून? तिने परीक्षेचं पॅड दोन पुस्तकांवर तिरकं टेकवलं आणि वरच्या कडेवरून स्ट्रायकर नुसता सोडायचं ठरवलं. बोर्डावर टॉवेल अंथरला तेव्हा स्ट्रायकर वीतभरही गेला नाही. टॉवेल काढल्यावर अर्ध्या बोर्डापर्यंत गेला. बोरिक पावडर टाकून हात फिरवला, तर पलीकडच्या कडेला आपटून मागे आला. तिने प्रत्येक प्रकार पाचपाच वेळा केला. मी पट्टी धरून बसले.

ढकलणं प्रत्येक वेळी पॅडच्या टोकाशीच संपत होतं. पुढे फरक पडत होता तो फक्त घासण्यात.

‘आणि घासलंच नाही तर? हवासुद्धा नसली तर?’ तिने विचारलं.

‘तर मग थांबायला काही कारण उरत नाही,’ मी म्हणाले. एवढी साधी गोष्ट मी ललकारीच्या नादात उलटी करून वाटली होती.

आमच्या घरचा नियम आहे, चुकीचं पत्रक ज्या दारी दिलं त्या दारी परत जायचं. वडील निवृत्त झाले तरी तो नियम निवृत्त झालेला नाही. पेन घेऊन मी दोन संध्याकाळी फिरले. काहींनी कागद टाकून दिला होता, त्यांना तोंडी सांगितलं. एका मावशींनी तो फळीवर डब्यांखाली अंथरला होता. त्यांनी एकेक डबा उतरवला आणि माझं वाक्य खोडून होईपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘बरं झालं आलीस, डबे पुसायचेच होते.’

बाईंना भेटून चूक माझी आहे असं सांगते, असं मी त्या मुलीला म्हटलं. ती नको म्हणाली, तू तिथे भाषण करशील. तिने मला चिठ्ठी लिहायला लावली, चार ओळींची, आणि चौथी ओळ काढायला लावली. चिठ्ठीबरोबर तिने स्वतःची मोजमापं नेली. बाईंनी दोन्ही वाचलं, पॅडचा उतार कशाला हे विचारलं, आणि तिने उभं राहून सांगितलं. त्या दिवशी कोणी हसलं नाही, एवढंच तिने मला कळवलं.

पुढच्या महिन्याचं पत्रक मी छापण्याआधी तिच्या हातात दिलं. ते तिने वहीत चिकटवलं नाही. पायरीवर बसून पेन्सिलने खुणा केल्या आणि दुसरा परिच्छेद आधी करून बघू म्हणाली. छपाई आठ दिवस पुढे गेली.