तीन अक्षरांचं पूर्ण नाव

राउंडला आलेले डॉक्टर झोपलेल्या माझ्या नवऱ्याकडे बघत एकमेकांशी तीन इंग्रजी अक्षरं बोलले आणि निघाले. मी वैतागले. पंपांची माहितीपुस्तकं लिहिण्यात माझा जन्म गेला. संक्षेप पहिल्यांदा आला की आधी पूर्ण नाव द्यायचं, यावरून मी किती नवशिक्यांना फैलावर घेतलंय!

"डॉक्टर, त्या अक्षरांचं पूर्ण नाव काय?"

मोठे डॉक्टर थांबले. बाकीच्यांना पुढे पाठवून स्टूल ओढून माझ्याजवळ बसले. "ताई, घरचं कोणी सोबत आहे का?"

मी ह्यांचा हात घट्ट धरला. कागदावरची जागा वाचवायला नावं छोटी करतात, असं मी शिकवत आले. समोरच्याला थोडा वेळ मिळावा म्हणूनही करत असतील.

"राहू द्या, डॉक्टर," मी म्हणाले. "आज नको. तीन अक्षरंच असू द्या."