बंबावरचं झाकण

आमच्या चाळीच्या मागच्या अंगणात गेल्या वर्षीपर्यंत लाकडाचा बंब पेटत होता, हे मी ऑफिसात कुणाला कधी सांगितलं नाही. लालबागला आमच्या अंगणातून मान वर केली की काचेचे टॉवर दिसतात. त्यांच्या पायथ्याशी आम्ही लाकडं पेटवून अंघोळीचं पाणी तापवतो, हे सांगायची मला लाज वाटायची. ही लाज पुढे महागात पडली, म्हणून ती आधीच सांगून टाकते.

बंबाचं कारण साधं होतं. चाळ रिडेव्हलपमेंटला गेलेली, निम्म्याहून जास्त खोल्यांना कुलपं. वायरिंग इतकं जुनं की कुणी गिझर लावला की अख्ख्या मजल्याचा फ्यूज उडायचा, आणि पाडायच्या इमारतीत नवी वायर कोण घालतो? रोज बादल्या तापवायला गॅस परवडणारा नव्हता. शेजारची चाळ आधीच पाडली होती. तिची दारं, खिडक्या, तुळयांचे तुकडे ढिगाने पडलेले. बाबांनी ते अंगणात आणून रचले, माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली काढला, चिंच लावून घासला, आणि गिरणी बंद पडल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना शीळ घालताना ऐकलं.

बाबा गिरणीत बॉयलरवर फायरमन होते. नंतर वॉचमनची, पार्सल उचलायची, मिळतील ती कामं त्यांनी केली, पण कुणी विचारलं की उत्तर एकच: "बॉयलर खातं." आता वय अठ्ठ्याहत्तर. बंब आला तसे सहाच्या आत उठून अंगणात जाऊन बसायला लागले. मधल्या नळीत वरून लाकडं सोडायची, खालच्या जाळीतली राख ओढायची, ज्योतीचा रंग बघायचा. रंग मारलेली फळी ते आत जाऊ देत नसत. "तिचा धूर विषारी," म्हणायचे. राहिलेल्या चार बिऱ्हाडांना बादल्या भरून देताना त्यांच्या चेहऱ्यावर पगाराच्या दिवसाचा भाव असायचा.

चारातलं एक बिऱ्हाड म्हणजे काकी. तळमजल्यावर मागची खोली, खिडकी अंगणात उघडणारी, आणि खिडकीपासून दोन हातांवर बंब. काकी एकटीच राहायची. मुलगा विरारला गेला होता. नव्या घराचा करार हातात मिळेपर्यंत खोली सोडायची नाही म्हणून ही इथे पाय रोवून. नात्याने आमची कुणी नव्हती. पण आई सकाळी पोळीभाजीचे डबे करायला जायची तेव्हा माझी वेणी काकीने घातली, आणि बारावीपासून बीएस्सीपर्यंतचा माझा सगळा अभ्यास तिच्या खोलीत झाला, कारण आमच्या खोलीत आम्ही सातजण होतो. निकाल लागला त्या दिवशी बाबा नुसते उभे राहिले. पेढे वाटत काकी फिरली. "आमचा चेडू बीएस्सी झाला," प्रत्येक दारात. चेडू म्हणजे तिच्या बोलीत मुलगी. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मला त्याचा गर्व होता, आजही आहे.

त्या दिवसापासून एक गोष्ट मात्र बदलली. बाबांनी मला कुठल्याही बाबतीत "तू चुकतेस" म्हणायचं सोडलं. रेशनकार्डाचा फॉर्म असो की आईचं औषध, "ती शिकलेली आहे, ती सांगेल तसं." मला ते आवडायचं.

थंडीत बंबाचं गणित जमून गेलं. चारही घरांना सकाळभर कढत पाणी लागायचं, आग भडकलेली असायची, धूर सरळ वर जायचा. काकीची खिडकीही बंद असायची. शिवरात्र झाली आणि हवा बदलली. सकाळी नुसता गारवा, अंगावर पांघरूण नको आणि पंखाही नको असे दिवस. लोक नळाखालीच अंघोळ करायला लागले. गरम पाणी हवं राहिलं ते फक्त काकीला, तेही दहा वाजता. तिचे सांधे सकाळी आखडलेले असायचे, दहाच्या आधी ती मोरीत बसूच शकत नव्हती.

"सहाला पेटवतच नाही आता," बाबा म्हणाले. काकीला ते वयनी म्हणत. "साडेनऊला पेटवतो, वयनींची बादली झाली की विझवतो."

पण सहाला उठणं त्यांनी सोडलं नाही. नको म्हटलं तरी सहाला एकदा पेटवून आईला नि मला पाणी द्यायचे आणि साडेनऊला पुन्हा वाकून, फुंकणी घेऊन बसायचे. एकदा उठताना कंबर धरून भिंतीला टेकले, ते मी बघितलं. मी साडेआठला ऑफिसला निघणार. मागे हे पडले तर? म्हणून रविवारी मी तेलाच्या डब्याचं झाकण घेतलं, खिळ्याने त्याला तीन भोकं पाडली आणि बंबाच्या नळीवर ठेवलं. खाली जाळीपुढे वीट लावली. हवा कमी, म्हणून जळणं हळू. दोन फळ्यांवर दहापर्यंत पाणी कोमट राहिलं. मी बाबांना ऑक्सिजन समजावून सांगितला.

बाबांनी झाकण बोटाने जरा सरकवून पाहिलं. मग म्हणाले, "शनिवारी रात्री गिरणीत आम्ही पण आग निजवायचो. सोमवारला जागी करायचो."

"मग तेच हे."

"तिथे चिमणी होती, बाय. ताडाएवढी."

"बाबा, एवढ्याशा बंबाला चिमणी कशाला?"

ते हसले. "बरं. तू सांगतेस तर."

झाकणाच्या भोकांतून आणि विटेच्या फटीतून धूर यायला लागला. भडकलेल्या आगीचा असतो तसा तो निळसर नव्हता. पांढरा, ओला, जड. तो वर जात नव्हता, अंगणात लोळायचा. सकाळी त्या दिवसांत वारा नसतोच. आणि हवा छान म्हणून काकीने खिडकी उघडी टाकायला सुरुवात केली होती. अर्धवट जळण्याने काय होतं हा प्रश्न मला परीक्षेला आला होता. मी तो पूर्ण सोडवला होता.

काकी आधी सगळं चेष्टेवारी न्यायची. बाबा दहाला "वयनी, पाणीऽऽ" म्हणून ओरडायचे, तर आतून यायचं, "गिरण बंद पडली, पण भोंगो काय बंद पडूक नाय!"

"भोंगा वाजला म्हणून तर कामगार उठले," बाबा म्हणायचे.

मग खोकला सुरू झाला. मी निघताना विचारलं, "काकी, धुराचा त्रास होतो का गं?"

"माका काय होता? धुरान डास तरी पळतत. तू जा, तुझी गाडी चुकात."

"खिडकी लावून घे ना."

"खिडकी लावलंय तर जीव घुसमटता गो."

होळीच्या आदल्या आठवड्यात तिला एका वाक्यात दोनदा श्वासासाठी थांबावं लागायला लागलं. मी सुट्टी काढून तिला परळच्या एका हॉस्पिटलात नेलं. ओपीडीत दोन तास बाकावर. आत डॉक्टर मुलगीच होती, माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, नीटनेटकी, मराठी जरा अडखळत बोलणारी. तिने छाती तपासली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "घरात चूल आहे का? लाकडाचा वगैरे धूर?"

माझ्या गळ्यात बँकेचं ओळखपत्र होतं. मी ते मुद्दाम काढलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "आमच्याकडे गॅस आहे."

काकीने माझ्याकडे पाहिलं. एकच क्षण. मग डॉक्टरला म्हणाली, "सगळा गॅसवरच, बाई. चूल आता कोण पेटवता?"

डॉक्टरने ॲलर्जी असेल म्हणून गोळ्या आणि ओढायचा पंप लिहून दिला. धुळीपासून जपा म्हणाली. टॅक्सीत काकीने माझा हात धरला. "भावजींका काय सांगू नको हां. ते बंब बंद करतले. तेवढाच तेंचा काम उरलाहा."

मी तेव्हा मनात म्हटलं, काकीच नको म्हणतेय. खरं असं की झाकण काढायला एक मिनिट लागलं असतं. बंब बंद करायची गरजच नव्हती. साडेनऊला पुन्हा पेटवायचा, मोकळा जळू द्यायचा, बाबा म्हणत होते तसा. पण झाकण काढलं असतं तर बाबांनी "का?" विचारलं असतं, आणि मला "माझं चुकलं" म्हणावं लागलं असतं. पंप आहेच की, असं मी स्वतःला सांगितलं. पुढचे नऊ दिवस मी रोज सकाळी त्या धुरातून नाकाला रुमाल लावून ऑफिसला गेले.

दहाव्या दिवशी दहाला बाबांनी हाक मारली तर आतून उत्तर आलं नाही. बादली तशीच टाकून ते आत गेले. काकी खिडकीच्या गजांना धरून बसली होती, ओठ काळेनिळे. मला फोन आला तेव्हा मी काउंटरवर होते. मी हॉस्पिटलात पोचेपर्यंत तिला ऑक्सिजनचा मास्क लावला होता. तिने मला ओळखलं, बोलता आलं नाही. पाडव्याच्या चार दिवस आधी सकाळी ती गेली.

मुलगा विरारहून आला. काकीला खोलीत आणून ठेवलं. शेवटच्या अंघोळीचं पाणी घरात तापवत नाहीत, बाहेरच तापवतात, म्हणून बायका बाबांकडे बघायला लागल्या. ते आधीच अंगणात होते. मी त्यांच्या मागे गेले.

त्यांनी नळीवरचं झाकण उचललं आणि जमिनीवर ठेवलं. वीट पायाने बाजूला केली. राख पूर्ण ओढली. ढिगातून सागाच्या चौकटीचे सुके तुकडे निवडून उभे सोडले, खाली कागद पेटवला. आग धडाडून वर आली. नळीच्या तोंडावर हवा नुसती थरथरत होती, धुराची रेघसुद्धा नव्हती. काकीची खिडकी उघडी होती. आतून बायकांचं रडणं येत होतं.

बाबा आगीकडेच बघत होते. मग हळू विचारलं, "बाय, त्या दिवशी तू वयनींना डॉक्टरकडे घेऊन गेलीस, तेव्हा त्यांनी धुराचं काही विचारलं होतं?"

मला खरं सांगता आलं असतं. त्यांनी तेव्हाही मला काही म्हटलं नसतं.

"नाही," मी म्हणाले. "काहीच विचारलं नाही."

"मग बरं," बाबा म्हणाले. खांद्यावरच्या टॉवेलने त्यांनी डोळे पुसले आणि तोटीखाली बादली सरकवली. "आत सांग, पाणी झालं."