दादाच्या शहराचे पत्ते

माझा थोरला भाऊ कोयनानगरला धरणावर ओव्हरसियर होता आणि मी सांगलीत मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. आणीबाणीच्या दिवसांतली गोष्ट. एका शनिवारी तो एसटीने आला, हातातली पिशवीसुद्धा खाली न ठेवता म्हणाला, "आपण पत्ते काढायचे. साधे न्हाईत. गोष्टीचे."

गोष्ट त्याच्या डोक्यात तयार होती, निदान तेव्हा मला तसं वाटलं. एका अजस्र भिंतीच्या पायथ्याशी एक शहर. सगळ्या नद्या भिंतीमागे अडवलेल्या. वीज इतकी, की दिवे कधी विझतच नाहीत. अंधार करायला बंदी, आणि झोपायचं तर परवानगी काढायची. इस्पिक, बदाम, किलवर, चौकट जाऊन तिथं थेंब, दिवा, भाकरी आणि कुलूप. गुलामाच्या जागी पहारेकरी, राणीच्या जागी भोंगा वाजवणारी बाई, आणि राजा म्हणजे गळ्याला वळ्या पडलेला एक साहेब. ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मी हो म्हणाले आणि फसले.

पत्त्यावरचा माणूस कसाही धरला तरी सरळ दिसावा लागतो. म्हणजे प्रत्येकाला दोनदा काढायचं, कमरेला कमर जोडून. शाळेतून आले की स्टोव्हवर भात चढवायचा आणि ब्रश घेऊन बसायचं, असं करत मी चारही साहेब पुरे केले. दादाने ते खिडकीशी नेऊन निरखले.

"झकास जमलेत. पण ह्या शहरात राजा नसणार."

"म्हणजे?"

"राजा कुणी बघितलेलाच न्हाई. नुसता कर्णा हाय. त्यातनं आवाज येतो."

मी साहेब बाजूला ठेवले आणि कर्णे काढले. पुढच्या खेपेला तो म्हणाला, राणीकडे भोंगा असल्यामुळे कर्ण्याचा घोळ होतोय, त्यापेक्षा रिकामी खुर्ची काढ. खुर्ची दोन्हीकडून सरळ कशी दिसणार, असं विचारलं, तर म्हणे, "ते तू बघ. आर्टिस्ट तू हायस." भाकरीच्या जागी मध्येच त्याला चिमणी हवी झाली आणि महिन्याभराने परत भाकरी. माझे यजमान तर तो दारात दिसला की पेपर खाली करून विचारायचे, "काय दादा, आज काय रद्द?"

कागदाने वेगळाच छळ मांडला. जाड पुठ्ठा घेतला तर पत्ते पिसता येईनात, पातळ घेतला तर मागची शाई पुढे उमटायची. व्हार्निश लावलं, तर उन्हाळ्यात सगळे पत्ते एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली. ती वीट सुरीने सोडवताना मी जे काही बोलले, ते शेजारच्या काकूंनी ऐकलं आणि त्या दोन दिवस माझ्याशी जपून वागत होत्या.

एकदाचा बावन्न पत्त्यांचा जोड तयार झाला. आमच्या ओळखीच्या एका छापखानेवाल्यांना दिवाळीत गिऱ्हाइकांना भेट द्यायला पत्ते छापायचेच होते. सरळ, सज्जन माणूस. मी आणि दादा जोड घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी एकेक पत्ता हौसेने पाहिला. खुर्चीपाशी आल्यावर मात्र उठून दार लोटून घेतलं.

"बाई, खुर्ची रिकामी? आणि ती आत्ता?"

"गोष्टीतली आहे ती."

"तुम्ही सांगाल गोष्टीतली. विचारायला येणाऱ्याला मी काय सांगू? त्यापेक्षा झेंडूची फुलं काढून द्या ना. हसरी."

मी दादाकडे पाहिलं. आता हा भांडेल असं वाटलं. तर हा म्हणतो, "झेंडू नको, पण खुर्चीऐवजी आरसा चालंल का?" मी पत्ते गोळा केले आणि रस्त्याला लागले. तो मागून आरशाबद्दल बोलत येत होता.

दिवाळीला आम्ही कोरेगावला सासरी गेलो. भाऊबिजेला दादा तिथं आला आणि येताना तोच जोड घेऊन आला. सासरे फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. दुपारी पडवीत त्यांचा आणि दोन मित्रांचा मेंढीकोटचा डाव बसायचा. त्या दिवशी चौथा गडी नव्हता, म्हणून दादाला बसवलं आणि आमचेच पत्ते वाटले.

"ही खुर्ची काय रं?" एक मित्र म्हणाले.

"राजा हाय त्यो," सासऱ्यांनी सांगितलं.

"मग गेला कुटं?"

दादाने शहराची गोष्ट सुरू केली. भिंत झाली, दिवे झाले, झोपेच्या परवानगीपाशी आल्यावर दुसरे मित्र म्हणाले, "लय चांगलं हाय. पण पान टाका आदी."

डाव रंगला. हुकूम भाकरीचा निघाला. दादाने पहारेकरी टाकला, सासऱ्यांनी त्यावर खुर्ची ठेवली आणि हात उचलायला लागले, तशी दादाने त्यांची मनगटं धरली.

"थांबा मामा. ह्या शहरात पहारेकरी खुर्चीवर भारी असतो. खुर्चीत कोण न्हाई, हे त्याला एकट्यालाच म्हाईत असतंय."

"आवं पाव्हणं, डाव चालू असताना कायदा बदलता व्हय?" सासरे कडाडले.

मी आतून फराळाचं ताट घेऊन येत होते. ते तिथंच दाणकन ठेवलं. "ह्याला डाव नकोच आहे! ह्याला कशाचंच काही पुरं व्हायला नको आहे. साहेब काढून घेतले, कर्णे काढून घेतले, डोळे गेले माझे!" सासऱ्यांसमोर मी एवढ्या आवाजात कधी बोलले नव्हते. दादाने हातातली पानं खाली ठेवली आणि तो परड्यात गेला.

थोड्या वेळाने मी चहा घेऊन गेले. तो गोठ्याला टेकून उभा होता.

"पुरं झालं असतं, तर शनिवारी सांगलीला कशाला आलो असतो?" तो म्हणाला.

"मला भेटायला!"

"नुसतं भेटायला? तुझी शाळा, तुझा संसार. दर आठवड्याला नुसतं येऊन बसलेलं बरं दिसतं व्हय?"

कोयनेच्या मोठ्या भूकंपानंतर तिथली जमीन अधूनमधून हलतच राहिली होती. वहिनी त्या हादऱ्यांना भिऊन साताऱ्याला माहेरी गेली, त्याला बराच काळ लोटला होता. कॉलनीत हा एकटा. हे सगळं मला माहीत होतं, पण मी ते त्याच्या पत्त्यांशी कधी जोडलं नव्हतं. मला रडू येत होतं आणि त्याला दोन धपाटेही घालावेसे वाटत होते. एवढं साधं वाक्य बोलायला ह्याने माझ्याकडून एक अख्खं शहर रंगवून घेतलं होतं.

"ये की नुसता," मी म्हणाले. "कामाशिवाय ये."

जोड कोरेगावातच राहिला. म्हाताऱ्यांना ओळखायला सोपं जावं म्हणून सासऱ्यांनी प्रत्येक खुर्चीवर बॉलपेनने ठसठशीत 'राजा' लिहिलं. ते पाहून मी नुसते दातओठ खाल्ले.

पुढच्या शनिवारी दादा रिकाम्या हाताने आला. बराच वेळ अवघडून बसला. मी त्याच्यापुढे मटारची टोपली सरकवली. शेंगा सोलता सोलता तो भूकंपाच्या त्या पहाटेबद्दल पहिल्यांदा बोलला: कुठली भिंत आधी कोसळली, शेजारच्या घरातून कुणाला ओढून काढलं, कुणाला काढता आलं नाही. यजमानांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला होता.

पुढे त्याची सांगलीला बदली झाली आणि वहिनी परत आली.