माणसं नसलेल्या गावाचा बिशप

गुंडा बंडगर सहायक बिशप झाला, तेव्हा त्याला रीतीप्रमाणे एक गाव मिळालं. प्रत्येक बिशपाच्या नावामागं कुठला तरी धर्मप्रांत लागतो. सहायकाला स्वतःचा प्रांत नसतो, म्हणून केव्हाच मोडून गेलेल्या एखाद्या प्रांताचं नाव त्याला देतात. गुंडाच्या वाट्याला आफ्रिकेतलं, वाळूखाली गाडलं गेलेलं एक शहर आलं.

सोहळ्याला त्याची थोरली बहीण अंजनाआक्का कडेगावजवळच्या वाडीहून आली होती. जेवताना तिनं विचारलं, "तुज्या त्या गावात माणसं किती हायती रं?"

"एक बी न्हाई, आक्का."

"मेंढरं तरी?"

"ती बी न्हाईत."

"मग करणार काय तू तिथं?" म्हणून ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. बाकी सगळे त्याला बिशप अंतोनी म्हणत. गुंडा म्हणणारी ती एकटीच उरली होती.

त्यांचा बाप मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा. एका वर्षी तिकडंच तापानं गेला. आईला मिशनच्या दवाखान्यात झाडलोटीचं काम मिळालं आणि पुढं तिनं दोन्ही पोरांसकट बाप्तिस्मा घेतला. आक्का लोकांच्या उसात भांगलायला गेली, गुंडा वसतिगृहात शिकला आणि तिथून धर्मगुरू व्हायला सेमिनरीत गेला. पाचशे वर्षांपूर्वी युरोपात चर्च दुभंगलं, तेव्हा फुटून गेलेली माणसं परत आणायला सहायक बिशप गावोगाव पायपीट करत, हे त्यानं तिथं वाचलं. त्या माणसांचं त्याला फार अप्रूप वाटलं होतं.

प्रांताचे थोरले बिशप बैठकांत आणि परदेशांत गुंतलेले असत. सांगली, आष्टा, कडेगाव हा सगळा फेरा गुंडाकडं होता. पोरांच्या कपाळाला पवित्र तेल लावायचं, त्यांचा बाप्तिस्मा पक्का करणारा दृढीकरणाचा विधी करायचा, मांडवात मानाच्या खुर्चीवर बसून जेवायचं. तो जेवत असेपर्यंत माणसं दबक्या आवाजात बोलत. तो गाडीत बसला की मागं हसण्या-खिदळण्याला ऊत यायचा. काच वर करताना त्याला ते ऐकू यायचं.

मग वाडीच्या रस्त्याला पत्र्याचा एक प्रार्थना हॉल उभा राहिला. विश्वजीत नावाचा टेम्पोवाला तिथं पास्टर झाला. की-बोर्ड वाजे, आजाऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवले जात. चर्चमधली घरं एकेक करून तिकडं वळली. थोरल्या बिशपांनी गुंडाला सांगितलं, "तुमचंच गाव आहे. आणा परत."

तो दारोदार फिरला. लोकांनी खुर्ची दिली, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. परत कुणीच आलं नाही. शेवटी तो आक्काच्या घरी टेकला, तर तीही हॉलला जाते असं कळलं.

"आक्का, तू बी?"

"रागावू नगंस. माजा पाय मोडला तवा चर्चचं कोण फिरकलं न्हाई. पास्टरची बायको, माया, रोज भाकरी घिऊन यायची. न्हाऊ घालायची मला."

"मला का न्हाई कळवलंस?"

"कळवलं की. तू म्हणलास, प्रार्थना करतो."

त्यानं प्रार्थना केलीही होती.

त्यानंतर थोरल्या बिशपांचा हुकूम आला: जे हॉलला जातात, त्यांना चर्चच्या दफनभूमीत जागा नाही. वाडीच्या वेदीवरून तो वाचून दाखवणं गुंडाच्या वाट्याला आलं. त्यानं वाचला. त्या संध्याकाळी आक्काचा फोन आला. हुकमाबद्दल ती एक अवाक्षर बोलली नाही. जेवलास का, एवढंच विचारलं.

ऊसतोडीच्या दिवसांत आक्का झोपेतच गेली.

मयत घेऊन माणसं दफनभूमीशी आली, तर फाटकाला कुलूप. चर्च कमिटीचा मदन किल्ली मुठीत धरून उभा होता. "बिशपसायब, तुमीच वाचून दाखवलं व्हतं. आता आमी काय करावं?"

गुंडानं थोरल्या बिशपांना फोन लावला. ते म्हणाले, "भावनेच्या भरात जाऊ नका. दुसरीकडं सोय बघा."

त्यानं फोन खिशात टाकला. "मदन, किल्ली दे."

"फकस्त आक्कासाठी?"

"न्हाई. ज्या तोंडानं हुकूम वाचला, त्याच तोंडानं सांगतो, तो चुकीचा व्हता. हॉलचं कुणी बी गेलं, तरी फाटक उघडायचं."

मदननं क्षणभर त्याच्याकडं पाहिलं आणि स्वतःच कुलूप काढलं. खड्ड्याच्या एका बाजूला विश्वजीतची माणसं गाणी म्हणत होती, दुसऱ्या बाजूला गुंडा आपली प्रार्थना म्हणत होता. सूर काही जुळले नाहीत. माती लोटून झाल्यावर हॉलची माणसं हॉलकडं गेली, चर्चची आपापल्या घरी. त्याला कुठल्याच बाजूनं हाक आली नाही. आक्काच्या घराला कुलूप लागलं होतं. तो गाडीत जाऊन बसला.

महिनाभरात त्याचा फेरा काढून घेतला गेला. आता तो सांगलीला, म्हाताऱ्या धर्मगुरूंच्या निवासात राहतो. सकाळी दोन-तीन सिस्टरांसाठी मिस्साची उपासना करतो. दुपारी मार्केट यार्डाकडून वाऱ्यावर हळदीचा वास येतो. संध्याकाळी घाटावर बसून तो कृष्णेकडं बघत राहतो. गेलेल्या घरांपैकी एकही परत आलं नाही. विजयी झाल्यासारखंही वाटत नाही आणि हरल्यासारखंही. नुसतं रिकामं वाटतं.

गेल्या उन्हाळ्यात मदनचा फोन आला. हॉलची सुरेखाकाकू वारली होती.

"फाटक उघडलंय," मदन म्हणाला. "म्हणलं, तुमच्या कानावर घालावं."

"त्यांनी मला बोलावलंय का रं?"

"न्हाई. पर आलासा तर बरं हुईल."

गुंडानं पांढरा झगा खुंटीवरच राहू दिला, साधा सदरा चढवला आणि कडेगावची एसटी धरली. तो पोचला तेव्हा खड्डा अर्धाच झाला होता. कुणी काही विचारायच्या आत त्यानं बाजूला पडलेलं खोरं उचललं.