बटण दाबण्याआधीचा निळा उजेड

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टींत रमणारी बाई मी नाही. जाऊबाई माझी दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या, तर त्या मोहऱ्या मी सरळ फोडणीत टाकल्या होत्या! त्यामुळे हे मी लिहितेय याचं मलाच हसू येतंय...

आम्ही मूळचे विदर्भातले, पण रायपूरला ब्राह्मणपाऱ्यात कित्येक वर्षं झाली. माझ्या डाव्या डोळ्यामागे गाठ निघाली आणि नवा रायपूरच्या एका दवाखान्यात रोज ‘सिकाई’ला जाणं सुरू झालं. इथे रेडिएशनला सगळे सिकाईच म्हणतात. डावा डोळा आधीच अंधुक झाला होता. तो राहील याची खात्री नाही, पण उजव्याला धक्का लागू देणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे माझी सगळी मदार उजव्यावर.

चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मास्क चढवून टेबलाला घट्ट बसवतात. तोंड उघडत नाही. काही झालं तर हात वर करायचा, बाहेर कॅमेऱ्यात दिसतो.

पहिल्याच दिवशी मिटलेल्या डाव्या डोळ्यात निळा उजेड पडला. गॅसच्या ज्योतीसारखा निळा! मी घाबरून हात वर केला. मशीन चालवणारी मुलगी वर्ध्याची, ती हसत आत आली.

“भिऊ नका मावशी. मशीनच्या किरणानं डोळ्यात इलेक्ट्रॉन सुटतेत. डोळ्यातल्या पाण्यात उजेड जेवढा जोरात चालते न, त्याच्याहून हे जोरात पळतेत. मंग असा निळा उजेड पडते. लय पेशंटले दिसते.”

त्याचं एक रशियन नावही तिनं सांगितलं, ते काही माझ्या जिभेवर बसलं नाही. पण भीती गेली. त्यानंतर रोज दिसायचा, रोज डावीकडेच.

मग तो दिवस आला. तिकडच्या बसेस तुम्हाला माहीत आहेत — एक चुकली की दुसरीची वाट बघत बसा. माझ्या आधी ज्या बाईंचा नंबर होता त्या म्हणाल्या, “तुम जाओ दीदी, बस छूट जाएगी. हमर तो गाड़ी हे.” मी आभार मानून त्यांच्या जागी आत गेले. आतल्या मदतनीसानं चेहरा बघून माझाच मास्क चढवला. दार लागलं.

आणि निळा उजेड पडला... उजव्या डोळ्यात.

मी हात वर केला. ती धावत आली, मास्क काढला.

“काहून मावशी? मी त अजून बटणच नाही दाबलं!”

“निळं दिसलं.”

“कसं दिसन? मशीन बंद आहे न.”

“उजव्या डोळ्यात दिसलं ग पण!”

“उजव्या?” ती थबकली आणि बाहेर पळाली. परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाहेरच्या कॉम्प्युटरवर नंबराप्रमाणे त्या बाईंचा प्लॅन उघडला होता. त्यांची गाठ उजव्या डोळ्यामागे. तो डोळा आधीच गेलेला, त्यामुळे तो वाचवायचा प्रश्नच नव्हता, डोस जबर होता. बटण दाबलं गेलं असतं, तर तो सगळा माझ्या चांगल्या डोळ्यावर आला असता.

माझा हात धरून ती पोरगी हमसून रडली. मीच तिला पाणी दिलं. त्या दिवशी बस चुकली, आणि चुकल्याचं जराही वाईट वाटलं नाही.

डॉक्टर म्हणाले, रोज दिसणाऱ्या उजेडाची मनाला सवय लागते, भास होतो. असेल. पण रोजची सवय डाव्या डोळ्याची होती. नेमका त्याच दिवशी उजव्यात भास का व्हावा? वर्ध्याची पोर अजून फोन करते आणि विचारते, “मावशी, खरं सांगा न, बटणाच्या आधी कसं दिसलं?” मी म्हणते, “मले नाही माहीत, पोरी.”

खरंच माहीत नाही. आता सकाळी उठले की अंथरुणातच डोळे मिटून हात जोडते. कोणापुढे, ते ठरलेलं नाही. नुसतं “उपकार झाले” म्हणते. मग उजवा डोळा उघडते. दिसतं.